सीडीवांचून नवी ऑपरेटिंग सिस्टिम

दूध विरजावयाचें तर घरांत आधीं चमचाभर विरजण असावें लागतें. दह्यासाठीं दहींच लागावें, हा व्यवहार इतका परिचयाचा आहे कीं, त्यांतील चमत्कार कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. घरचें विरजण नासलें म्हणून कोणी दूध ओतून देत नाहीं. वाटी घेऊन शेजारीं जातो. संगणकाच्या बाबतींत मात्र नेमका हाच प्रसंग आला असतां पुष्कळ शहाणीं माणसेंहि दूध आणि भांडें दोन्ही उकिरड्यावर टाकावयास निघतात.

सातारा जिल्ह्यांतील कोरेगांव तालुक्यांतलें असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. घरधनी एस. टी.मध्यें वाहक; मुलगी साताऱ्यास बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षांत. घरांत २०१२ सालीं घेतलेला एक लॅपटॉप. त्यावर विंडोज ७ ही ऑपरेटिंग सिस्टिम. २०२५ च्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं वीज गेली, आणि ती परत आल्यावर लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली : बूट करण्याजोगें साधन सांपडत नाहीं. सीडीचा खण तर दोन वर्षांपूर्वींच निकामी झाला होता. तालुक्याच्या गांवच्या कारागिरानें यंत्र उलटसुलट करून पाहिलें आणि सांगितलें, "ताई, डीव्हीडी ड्राइव्ह गेलाय. सीडीच घेत नाहीं, तर विंडोज टाकायची कशी? दुसरा ड्राइव्ह मिळाला तर बघूं, पण फॉरमॅट मारावा लागेल. नाहीं तर भंगारांत द्या."

बारा-तेरा वर्षांचें यंत्र भंगारांत गेलें असतें तर फारसें बिघडलें नसतें. परंतु त्याच्या हार्ड डिस्कवर मुलीच्या आजीच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या होत्या. घरधन्यानें आपल्या आईजवळ बसून त्या एका साध्या मोबाइलवर घेतल्या होत्या आणि मग लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या होत्या. आजी वारली, तो मोबाइलहि राहिला नाहीं. फॉरमॅट हा शब्द ऐकून घरधनी मुलीस एवढेंच म्हणाला, "लॅपटॉपचं काय बी होऊं दे, पोरी, पर आईचा आवाज गेला तर फिरून कुठनं आणायचा?"

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'लॅपटॉप बंद पडला' ह्या वाक्यांत तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. प्रोसेसर, मेमरी, पडदा, कळफलक हे यंत्राचे अवयव, ही एक गोष्ट. त्या अवयवांकडून काम करवून घेणारी ऑपरेटिंग सिस्टिम, ही दुसरी. आणि मालकाचीं स्वतःचीं कागदपत्रें, छायाचित्रें, ध्वनिमुद्रणें, ही तिसरी. ह्यांपैकीं दुसरी बिघडली म्हणून पहिली व तिसरी बिघडलीच असें मुळींच नाहीं. घरांतील कारभारी आजारी पडला तर घराच्या भिंती कोसळत नाहींत आणि पेटींतील दागिनेहि नाहींसे होत नाहींत. नवा कारभारी नेमावा लागतो इतकेंच; आणि तो नेमतांना पेटी बाहेर फेंकली जाणार नाहीं, एवढी दक्षता घ्यावी लागते.

आतां नवा कारभारी आंत येतो कसा, तें पाहूं जातां विरजणाचें कोडें पुढें उभें राहतें. संगणकावर कोणताहि कार्यक्रम चालविणें हें ऑपरेटिंग सिस्टिमचें काम. आणि ऑपरेटिंग सिस्टिम हा स्वतःच एक कार्यक्रम. मग तिला प्रथम चालवावें कोणीं? ह्यासाठीं मुख्य फलकावरील एका लहानशा चिपमध्यें थोड्या सूचना कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात. जुन्या यंत्रांत त्यांस बायॉस व अलीकडच्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. कळ दाबतांच ह्या सूचना जाग्या होतात, अवयवांची हजेरी घेतात, आणि ठरलेल्या क्रमानें एकेका साधनाकडे जाऊन विचारतात : पुढचें काम सांगणारें येथें कोणी आहे काय? बायॉस असेल तर साधनाचा अगदीं पहिला ५१२ बाइटांचा भाग वाचला जातो. यूईएफआय असेल तर ठराविक ठिकाणीं ठराविक नांवाची फाइल शोधली जाते. योग्य मजकूर मिळाला कीं सूत्रें त्याच्या हातीं दिलीं जातात. ह्या सर्व क्रियेस बूट करणें म्हणतात. इंग्रजींतील मूळ कल्पना अशी कीं, मनुष्यानें स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलावें.

ह्यांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या चिपेस सीडीचा कांहीं हट्ट नसतो. तिला योग्य जागीं योग्य मजकूर हवा. तो कोणत्या साधनावर आहे ह्याच्याशीं तिला कर्तव्य नाहीं. सीडीची संवय यंत्रापेक्षां माणसांनाच अधिक जडली, आणि तीहि फार जुनी नव्हे. १९८१ सालचा आयबीएमचा वैयक्तिक संगणक फ्लॉपीवरून सुरू होई. विंडोज ९५ ही प्रणाली सीडीवर मिळत असे तशीच १३ फ्लॉप्यांवरहि मिळत असे. त्यांतील एक जरी खराब निघाली तरी सर्व खटाटोप फुकट जाई. सीडीवरून संगणक कसा सुरू करावा ह्याचा नियम जानेवारी १९९५ मध्यें फिनिक्स व आयबीएम ह्या कंपन्यांनीं प्रसिद्ध केला. एका उपाहारगृहाच्या नांवावरून त्यास 'एल टोरिटो' असें नांव पडलें. सीडीवर सुमारें ७०० मेगाबाइट मावत, पुढें डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मावूं लागले, आणि चकतीचें राज्य सुरू झालें. तें फार काळ टिकलें नाहीं. २००७ सालच्या आसूस ईपीसी ह्या छोट्या यंत्रांत चकतीचा खण नव्हता. जानेवारी २००८ मध्यें अॅपलनें मॅकबुक एअर बाहेर काढला त्यांतहि तो नव्हता. आज तर खण असलेला नवा लॅपटॉपच विरळा. म्हणजे जो खण मोडला म्हणून जुन्या लॅपटॉपचा मालक हळहळतो, तो नव्या लॅपटॉपला मुळांतच दिलेला नसतो.

खण बंद असतां मार्ग चार. पहिला, यूएसबीच्या तारेनें बाहेरून जोडावयाचा डीव्हीडी ड्राइव्ह. चकती हातीं असेल तर हा सर्वांत सोपा. मात्र असा ड्राइव्ह वीज अधिक ओढतो, म्हणून तो थेट लॅपटॉपलाच जोडावा. दुसरा, पेन ड्राइव्ह. बहुतेक सर्व घरांस हाच सोईचा. तिसरा, जाळ्यावरून. लॅपटॉपला तारेनें नेटवर्कशीं जोडलें असतां तो प्रथम स्वतःसाठीं पत्ता मागून घेतो आणि मग दुसऱ्या संगणकावरून बूट करण्याचा मजकूर उतरवून घेतो. ह्या पद्धतीस पीएक्सई म्हणतात. तिचा प्रचलित नियम १९९९ सालचा आहे. वीस-पंचवीस यंत्रें असलेल्या शाळेच्या प्रयोगशाळेंत ती अत्यंत उपयोगी पडते, कारण एका ठिकाणीं तयारी केली कीं सर्व यंत्रांस ती पुरते. एकट्या घरगुती यंत्रासाठीं तेवढा व्याप करण्याचें कारण नाहीं. चौथा मार्ग, लॅपटॉपची हार्ड डिस्कच काढून दुसऱ्या संगणकास जोडणें. यूएसबीवरून बूट होऊंच शकत नाहीं अशा फार जुन्या यंत्रांस बहुधा हाच उरतो. लिनक्सजातीच्या प्रणाली असें स्थलांतर बहुधा सहन करतात. विंडोज पुष्कळदां करीत नाहीं.

त्या मुलीनें दुसरा मार्ग धरला. मैत्रिणीच्या घरीं चालता संगणक होता. शेजारचें विरजण तें हेंच. प्रश्न आला कोणती प्रणाली घ्यावी हा. विंडोज ७ ची डागडुजी मायक्रोसॉफ्टनें १४ जानेवारी २०२० रोजींच थांबविली होती. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाहि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपणार होता, आणि पुढें तो संपलाच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षाव्यवस्था व बरेंच अलीकडचें प्रोसेसर लागतें. २०१२ च्या लॅपटॉपला तें दार बंद. म्हणून तिनें लिनक्स मिंट निवडली. ही विनामूल्य मिळते, २ गिगाबाइट मेमरीवर चालते, ४ असल्यास बरी चालते, आणि तिला डिस्कवर निदान २० गिगाबाइट जागा लागते. यंत्र त्याहूनहि जुनें, म्हणजे ३२ बिटांचें असेल, तर निवड फार अवघड होते. ऑगस्ट २०२५ मध्यें आलेल्या डेबियन १३ नेंहि अशा यंत्रांसाठीं स्थापनेची सोय ठेवली नाहीं. तेव्हां प्रोसेसर ३२ बिटांचें कीं ६४ बिटांचें, ही चौकशी उतरवून घेण्यापूर्वींच करावी.

प्रणाली उतरवून घेतली म्हणजे आयएसओ नांवाची एक मोठी फाइल हातीं येते. मिंटची असेल तर सुमारें ३ गिगाबाइटांची. ही फाइल म्हणजे संपूर्ण चकतीचा हुबेहूब ठसा होय. येथें पहिली चूक घडते, आणि ती त्या मुलीकडूनहि घडली. तिनें ती फाइल इतर फायलींप्रमाणें पेन ड्राइव्हवर नुसती उतरवून ठेवली. लॅपटॉपनें पेन ड्राइव्हकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. कारण उघड आहे. चिप पाहते पहिल्या भागांत, आणि तेथें कांहींच नव्हतें. होती ती आंत कोठें तरी पडलेली एक गठडी. पाकिटांत घातलेलें बीं शेतांत नेऊन ठेवलें म्हणून पीक येत नाहीं. पाकीट फोडून पेरावें लागतें. ही पेरणी करणारे कार्यक्रम वेगळे असतात : विंडोजवर रुफस, आणि विंडोज, मॅक व लिनक्स ह्या तिहींवर चालणारा एचर. ते त्या ठशाचा मजकूर पेन ड्राइव्हवर अशा रीतीनें मांडतात कीं चिपेस तो ओळखतां यावा. ह्या कामीं पेन ड्राइव्हवरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें. सबब तो रिकामाच असावा. ८ गिगाबाइटांचा पुरतो.

विंडोजच बसवावयाची असेल तर मायक्रोसॉफ्टचें स्वतःचें साधन पेन ड्राइव्ह तयार करून देतें, आणि तेंच वापरणें बरें. हातानें करूं जाणारांस एक अडचण येते : फॅट३२ ह्या रचनेंत ४ गिगाबाइटांहून मोठी एक फाइल मावत नाहीं, आणि विंडोजच्या पूर्ण ठशांतील मुख्य फाइल पुष्कळदां त्याहून मोठी असते.

पेरणीपूर्वीं बीं तपासावें, हा शेतकऱ्याचा नियम येथेंहि लागू आहे. प्रणाली देणारे आयएसओबरोबर ६४ अक्षरांची एक खूण प्रसिद्ध करतात. तिला एसएचए-२५६ बेरीज म्हणतात. उतरवून घेतलेल्या फाइलीची तीच बेरीज आपल्या संगणकावर काढून दोहोंची तुलना करावी. फाइलींतील एक बिट जरी बदललें तरी बेरीज पार निराळी येते. खेड्यांतील इंटरनेट मध्येंच तुटतें, फाइल अर्धवट उतरते, आणि स्थापना अर्ध्यावर थांबली कीं दोष लॅपटॉपला दिला जातो. दोन मिनिटांच्या ह्या तपासणीनें अर्ध्या दिवसाचा मनस्ताप वांचतो.

पेन ड्राइव्ह तयार झाला तरी चिप आपल्या ठरल्या क्रमानेंच जाणार. तिला क्रम बदलावयास सांगावें लागतें. कळ दाबतांक्षणीं एक विशिष्ट बटण पुन्हां पुन्हां दाबलें म्हणजे साधनांची यादी पडद्यावर येते. तें बटण प्रत्येक कंपनीचें निराळें असतें; कोठें एफ१२, कोठें एफ९, कोठें एफ८, कोठें एस्केप. अलीकडच्या यंत्रांत आणखी दोन अडसर संभवतात. पहिला, यंत्र यूईएफआयच्या रीतीनें सुरू होतें कीं जुन्या बायॉसच्या, हा. पेन ड्राइव्ह ज्या रीतीनें तयार केला त्याच रीतीनें यंत्र सुरू झालें पाहिजे. दुसरा, सिक्युअर बूट. ओळखीची सही नसलेल्या प्रणालीस तो आंत घेत नाहीं. यूएसबीची एक जागा नादुरुस्त असल्यास दुसरी वापरून पाहावी. जुन्या यंत्रांत पुष्कळदां एवढ्यानेंच काम होतें.

मुलीनें एफ१२ दाबलें, यादींतून पेन ड्राइव्ह निवडला, आणि मिनिटाभरानें त्या मृत म्हणून ठरलेल्या पडद्यावर मिंटचें आवार उघडलें. येथें मात्र तिनें घाई केली नाहीं, आणि ह्या सर्व कथेंतील खरें शहाणपण येथेंच आहे. आवारांत 'स्थापना करा' असें एक चित्र ठळक असतें; हात आपोआप तिकडेच जातो. परंतु मिंटसारख्या प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच, हार्ड डिस्कला न शिवतां, चालविण्याची सोय असते. तिला लाइव्ह रीत म्हणतात. नवा कारभारी अंगणांत बसूनच काम करतो. घरांतील वस्तूंस हात लावीत नाहीं. तिनें फायलींची खिडकी उघडली, हार्ड डिस्कवर गेली. विंडोजचे कप्पे मिंटनें सहज उघडून दाखविले. वडिलांच्या नांवाच्या कप्प्यांत ओव्यांचीं एकतीस ध्वनिमुद्रणें जागच्या जागीं होतीं. वीज जाण्यानें बिघडला होता तो विंडोजचा सुरुवातीचा मजकूर. बाकीचें सर्व शाबूत होतें. तिनें दुसऱ्या पेन ड्राइव्हवर सर्व फायली उतरविल्या, संख्या मोजून पाहिली, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण थोडें थोडें लावून ऐकलें. नुसत्या नांवावर विसंबून राहणें बरें नव्हे. फाइलीचें नांव दिसतें म्हणून फाइल चांगली असतेच असें नाहीं.

ह्या ठिकाणीं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हार्ड डिस्क टक् टक् असा आवाज करीत असेल, किंवा फाइल उघडतांना यंत्र फार वेळ अडत असेल, तर डिस्कच्या अंगींच दुखणें आहे असें समजावें. अशा वेळीं पुन्हां पुन्हां प्रयत्न केल्यानें उरलेलें बळहि जातें. जें अमोल असेल तें प्रथम उतरवावें, आणि तेंहि साधत नसेल तर यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावें. डिस्क बदलावीच लागली तर तिच्या जागीं एसएसडी बसवितां येते. जुना लॅपटॉप त्यानें बराच चपळ होतो. एवढेंच नव्हे, तर सीडीचा निकामी खण काढून त्याच्या जागीं एका चौकटींत दुसरी डिस्क बसविण्याची सोय पुष्कळ लॅपटॉपांत असते. ज्या दारानें त्रास दिला तेंच दार अशा रीतीनें कोठार होतें.

ओव्या दोन ठिकाणीं सुरक्षित झाल्यावरच मुलीनें स्थापनेस हात घातला. ह्यापुढचा सर्व मार्ग प्रश्नोत्तरांचा असतो : भाषा कोणती, कळफलक कोणता, वेळ कोठची. मराठीसाठीं इन्स्क्रिप्ट कळफलक येथेंच अथवा मागाहून जोडतां येतो. ह्या सौम्य प्रश्नांच्या रांगेंत एक प्रश्न मात्र निराळा असतो. स्थापना कोठें करावयाची? जुन्या प्रणालीशेजारीं जागा काढून, कीं सर्व डिस्क पुसून? दुसरें उत्तर एकदां दिलें कीं परतीचा मार्ग नाहीं. शिवाय यादींत हार्ड डिस्कबरोबर पेन ड्राइव्हहि दिसतात, आणि त्यांचीं नांवें एका अक्षरापुरतींच निराळीं असतात. त्यांस आकारावरून ओळखावें : ५०० गिगाबाइटांची ती हार्ड डिस्क, ८ चा तो पेन ड्राइव्ह. ज्या पेन ड्राइव्हवर फायली उतरविल्या तो तर ह्या वेळीं काढूनच ठेवावा. जी वस्तु यंत्राला लावलेलीच नाहीं ती चुकूनहि पुसली जात नाहीं. लॅपटॉपची तार भिंतीच्या विजेस जोडलेली असावी आणि बॅटरी निकामी असेल तर भारनियमनाची वेळ टाळावी, हें वेगळें सांगावयास नको.

वीस-पंचवीस मिनिटांत स्थापना झाली. यंत्र पुन्हां सुरू करतांना पेन ड्राइव्ह काढून घेण्यास सांगितलें जातें. तो तसाच राहिल्यास यंत्र पुन्हां त्यावरूनच उठतें आणि नवख्यास वाटतें कीं स्थापना झालीच नाहीं. त्यानंतर वाय-फाय लागतो कीं नाहीं, आवाज येतो कीं नाहीं, हें पाहावें आणि सुधारणा उतरवून घ्याव्या. वाय-फायचें चालकसाधन कधीं कधीं मागाहून घ्यावें लागतें. तोंवर मोबाइल यूएसबीच्या तारेनें जोडून त्याचें इंटरनेट वापरतां येतें.

त्या रात्रीं घरधनी कामावरून आला तेव्हां लॅपटॉप ओट्यावर चालूं होता आणि त्यांतून जात्याची घरघर व तिच्यावर चढलेला म्हातारीचा आवाज येत होता. त्यानें टोपी काढून खुंटीस लावली, एक संपूर्ण ओवी संपेपर्यंत तो उभाच राहिला, आणि मग म्हणाला, "ह्याच्या आणखी दोन नकला काढून ठेव. एक आत्याकडं दे."

त्या वाहकास बायॉस ठाऊक नव्हता आणि यूईएफआयहि नव्हता. परंतु ह्या विषयांतील सर्वांत मोठा नियम त्याच्या तोंडून निघून गेला. लॅपटॉपचा खण मोडतो, हार्ड डिस्क थकते, प्रणाली कालबाह्य होते. ह्यांतलें कांहींहि कायमचें नाहीं, आणि ह्यांतल्या प्रत्येकास पर्याय आहे. पर्याय नाहीं तो एकाच ठिकाणीं ठेवलेल्या एकुलत्या एका प्रतीस. म्हणून ज्यांच्या घरीं असें जुनें यंत्र कोपऱ्यांत पडलें असेल, त्यांनीं तें भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवण्यापूर्वीं एक दिवस द्यावा. शेजाऱ्याचा संगणक, दोन पेन ड्राइव्ह, आणि प्रत्येक प्रश्न वाचल्यावांचून बटण न दाबण्याचा निश्चय, एवढ्या सामग्रीवर पुष्कळदां दूधहि वांचतें आणि भांडेंहि.